तो आकडा आमच्या तालुक्यात ठरू द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



साहेब, मी खाप्याचा. कन्हान नदीच्या काठचं, सावनेर तालुक्यातलं हे जुनं विणकरांचं गाव. सारी नोकरी मी सरकारी दवाखान्यांत एक्सरे टेक्निशियन म्हणून केली. आमच्याकडे लोक एक्सरेला फोटोच म्हणतात. ‘छातीचा फोटो काढायचा आहे जी,’ म्हणत दारात आलेल्या माणसाला मशीनपुढे उभं करायचं, हनुवटी वर, खांदे पुढे, दम भरून घ्या, सोडू नका, हे माझं काम. त्या कामाच्या आधारावर हे पत्र लिहितो आहे.

नुकतीच नागपुरात आरोग्यसेवेतल्या एआयवर एक छोटी परिषद झाली. एका कॉलेजच्या सभागृहात, एका दिवसाची. काही डॉक्टर, इंजिनिअरिंगची मुलं, सॉफ्टवेअर कंपन्यांची दोन-चार माणसं, आशा सेविकांच्या एक गटप्रवर्तक आणि माझ्यासारखे थोडे निवृत्त लोक. परिषद छोटी होती म्हणूनच प्रश्न विचारता आले आणि उत्तरंही मिळाली. ऐकलं त्यातलं बरंचसं आनंदाचं होतं. एक गोष्ट मात्र अशी निघाली की तिचा निर्णय त्या सभागृहात होणार नव्हता. तो आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून पत्र आपल्याला, आणि जाहीर.

आमच्या जिल्ह्याला हा विषय आता नवा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये वडधामन्याच्या अंगणवाडीत एआय आलं. ऑगस्टमध्ये सातनवरीला देशातलं पहिलं ‘स्मार्ट आणि इंटेलिजंट’ गाव म्हणून उद्‌घाटन झालं, आणि तिथे ड्रोन आणि शाळा यांच्यासोबत आरोग्यसेवाही होती. उद्या हे सगळं खाप्यापर्यंत येईल. यावंच. माझा एआयला विरोध नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तसा समज होऊ नये.

छातीचा फोटो वाचणाऱ्या यंत्राची वाट आम्ही का पाहिली तेही सांगतो. तालुक्याच्या दवाखान्यात एक्सरे मशीन असतं, फोटो वाचणारा रेडिओलॉजिस्ट नसतो. आमच्या काळी डार्करूममधून ओली फिल्म बाहेर यायची, वाळायची, पाकिटात जायची. वाचणारा डॉक्टर हजर असला तर ठीक, नाहीतर ते पाकीट तसंच पडून राहायचं. तोवर खोकणारा माणूस परत आपल्या घरी, त्याच एका खोलीत, पोराबाळांत. टीबी पसरायला याहून जास्त काही लागत नाही. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण पाव हिस्सा आपल्या देशात आहे, त्यात अशा न वाचलेल्या पाकिटांचा वाटा आहे असं माझं मत आहे.

आता फिल्म गेली. हातात धरता येईल एवढं एक्सरे मशीन आलं. ७ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत अशी मशीनं वापरली गेली, आणि अशा फोटोवर एआय मिनिटभरात आपलं मत देतं. मुंबईची क्युअर डॉट एआय, पुण्याची डीपटेक या आपल्याच राज्यातल्या कंपन्यांनी या कामात नाव कमावलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये, पंधरा वर्षं आणि त्यावरच्या लोकांच्या टीबी तपासणीत, फोटो वाचायला माणसाच्या जागी असं सॉफ्टवेअर चालेल अशी शिफारस केली. ज्याने ती पडून राहिलेली पाकिटं पाहिली आहेत त्याला या बातमीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

परिषदेतला सर्वांत मोलाचा भाग एका तरुण डॉक्टरताईंचा. सॉफ्टवेअरने बरोबर ओळखलेले फोटो त्यांनी भराभर पुढे सरकवले आणि चुकलेल्यांवर त्या थांबल्या. एका बाईंच्या फोटोत डाव्या फुप्फुसाच्या टोकावर, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर, लालपिवळा रंग चढला होता. सॉफ्टवेअरला तिथे संशय आला होता, आणि टीबीची नेहमीची जागा तीच. ताईंनी रंग काढून मूळ फोटो दाखवला. मी बसल्या जागेवरून ओळखलं, ती वेणी होती. तेल लावून घट्ट घातलेली वेणी खांद्यावरून पुढे आली की तिची सावली नेमकी फुप्फुसाच्या टोकावर पडते. आत बारीक समांतर रेघा असतात, आणि नीट पाहिलं तर ती सावली फुप्फुसाची हद्द ओलांडून मानेकडे तशीच वर जाते. फुप्फुसातला डाग फुप्फुसाबाहेर जात नाही. म्हणून तर आम्ही प्रत्येक बाईला केस वर बांधायला सांगतो, मंगळसूत्र, काळा दोरा, ताईत, ब्लाउजच्या पिना काढून ठेवायला सांगतो. आडोसा नसेल तर बायका संकोचतात आणि पिना तशाच राहतात. ज्या दवाखान्यात एक्सरेच्या खोलीत साधा पडदा नाही, तिथल्या फोटोंत या सावल्या जास्त सापडणार, आणि तिथलं सॉफ्टवेअर जास्त चुकणार. मशीनपुढे माणूस कसा उभा केला यावर पुढचं सारं अवलंबून असतं, आणि तो उभा करणारा टेक्निशियन कित्येक ठिकाणी कंत्राटावर असतो किंवा ते पदच रिकामं असतं.

यानंतर आकड्याचं बोलणं निघालं. माझ्या पत्राचा मुद्दा तोच आहे.

लोकांना वाटतं की सॉफ्टवेअर ‘टीबी आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगतं. तसं नसतं. ते एक गुण देतं, समजा शून्य ते शंभरमध्ये. मग कोणीतरी मधे एक रेघ ओढलेली असते. रेघेच्या वर गेला तो संशयित, त्याची थुंकी तपासायची. खाली राहिला त्याला घरी पाठवायचं. रेघ खाली आणली तर टीबीचा माणूस सहसा निसटत नाही, पण चांगल्या माणसांचीही रांग थुंकीच्या तपासणीला लागते. रेघ वर नेली तर रांग आटोक्यात राहते, आणि ज्याला खरंच टीबी आहे असा एखादा ‘काही नाही’ ऐकून घरी जातो. म्हणजे किती निसटलेले चालतील आणि किती रांग पेलवेल, याचा हिशेब त्या एका आकड्यात आहे. त्यात तंत्रज्ञान थोडं आहे, धोरण जास्त.

मी उठून विचारलं, आपल्याकडे ही रेघ कुठे आहे आणि ती कोणी ओढली? उत्तर सरळ मिळालं. सॉफ्टवेअरसोबत जो आकडा येतो तोच बहुतेक ठिकाणी ठेवतात. उत्तर देणाऱ्या गृहस्थांचा यात दोष नाही, कंपनीला कुठून तरी सुरुवात करून द्यावीच लागते. पण जागतिक आरोग्य संघटनेनेच त्या शिफारशीच्या वर्षी, २०२१ मध्ये, एक स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे, ती याच कामाची: हा आकडा ज्या त्या ठिकाणी, तिथल्या लोकांवर तपासून कसा ठरवावा. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जुना आकडा तसाच लागू पडेल असंही धरता येत नाही. म्हणजे मी काही नवं मागत नाही. ज्या संस्थेची शिफारस दाखवून आपण ही यंत्रं घेतो, तिचंच पुढचं पान वाचावं एवढीच विनंती आहे.

ठिकाणाने इतका फरक पडतो का? पडतो. ढाक्यात जवळजवळ २४ हजार लोकांच्या छातीच्या फोटोंवर पाच वेगवेगळी सॉफ्टवेअरं तपासली गेली. तो अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये आला. पाचही सॉफ्टवेअरं तिथल्या रेडिओलॉजिस्टांपेक्षा सरस ठरली, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण त्याच अभ्यासात दिसलं की वय वाढलेल्या लोकांत आणि पूर्वी टीबी होऊन गेलेल्यांत त्यांचं काम उतरतं. बरा झालेला टीबी फुप्फुसात व्रण ठेवून जातो, आणि जुना व्रण आणि नवा आजार यांतला फरक फोटोवर पटकन कळत नाही. अनुभवी डॉक्टर अशा वेळी माणसाला विचारतो, ‘बाबा, याआधी कधी सहा महिन्यांच्या गोळ्या खाल्ल्या होत्या का?’ सॉफ्टवेअरपुढे फक्त फोटो असतो.

आता आमच्या भागातल्या छात्या बघा. खाप्याला लागून गुमगावची मॅंगनीजची खाण आहे. सावनेर, पाटणसावंगीकडे कोळशाच्या खाणी. पुढे खापरखेडा, कोराडीची वीजकेंद्रं. गिट्टीखदानी, वीटभट्ट्या, जिनिंग, आणि गावात अजून चालणारे थोडे हातमाग. दगड फोडणाऱ्याच्या, दगडात ड्रिल मारणाऱ्याच्या छातीत सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं साठली की सिलिकोसिस होतो. त्याच्या बारीक गाठी फुप्फुसाच्या वरच्या भागातच दिसतात, जिथे टीबीही दिसतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त. म्हणजे एकाच फोटोत दोन्ही असू शकतं, किंवा एकच असून दुसऱ्यासारखं दिसू शकतं. देशभर दगडखाणींतल्या कामगारांना सिलिकोसिस असताना टीबीच्या गोळ्या पुन्हा पुन्हा दिल्या गेल्याचे दाखले आहेत. यात माणसाच्या तब्येतीइतकाच त्याच्या हक्काचाही प्रश्न आहे. कामगार कायद्यांत सिलिकोसिस हा कामामुळे झालेला म्हणून नोंद करायचा, भरपाई मिळणारा आजार आहे, खाणकामगाराचा टीबी सहसा नाही. सॉफ्टवेअरने ‘टीबी संशयित’ म्हटलं आणि पुढे कोणी काही विचारलं नाही, तर तो माणूस नेमक्या निदानाला मुकतो आणि भरपाईलाही.

उलट बाजूही आहे. कापसाच्या धुळीने होणारा दम्यासारखा आजार, ज्यात सुट्टीनंतर कामावर आलं की छाती आवळते, तो फोटोवर बहुतेक वेळा काहीच दाखवत नाही. सॉफ्टवेअर त्याला स्वच्छ म्हणेल, आणि फोटोपुरतं ते बरोबरच असेल. पण खोकत आलेला जिनिंगमधला कामगार ‘मशीन म्हणते काही नाही’ एवढं ऐकून परत गेला तर त्याला दवाखान्याने काय दिलं?

अशा वस्तीवर दुसरीकडे ठरलेला आकडा लावायचा का, हा माझा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल की खेड्यापाड्यात एवढी शास्त्रीय उठाठेव कुठे जमते. विदर्भातच जमून गेलेली आहे, साहेब. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत बाळांच्या निमोनियावर काम केलं तेव्हा निदान करायचं होतं गावच्या दाईंनाही, ज्यांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. त्यांच्यासाठी श्वास मोजायचं एक साधन केलं गेलं. एक मिनिटाची वाळूची घडी आणि रांगेत ओवलेले मणी, शेवटचा मणी लाल. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर निमोनिया, औषध सुरू करायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी मण्यांची रांग वेगळी, मोठ्या बाळांसाठी वेगळी. त्या कामाचा निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. निमोनियाने होणाऱ्या बालमृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होतं.

त्या लाल मण्याकडे मी एका एक्सरेवाल्याच्या नजरेने पाहतो. तीही एक रेघच होती, संशयित आणि निरोगी यांच्यामधली. पण ती दाईच्या हातात होती, तिला दिसत होती, ती वयाप्रमाणे वेगळी ठेवली होती, आणि ती वापरल्यावर किती बाळं वाचली याचा हिशेब त्याच गावांत मांडला गेला. आपल्या नव्या यंत्रात ती रेघ सेटिंगच्या कुठल्यातरी पानावर आहे. यंत्राच्या शेजारी बसणाऱ्या टेक्निशियनला ती माहीत नसते, कित्येकदा डॉक्टरलाही नसते.

बाहेरच्या देशांचे धडेही परिषदेत निघाले. थायलंडमध्ये गुगलने मधुमेहींच्या डोळ्यांचे फोटो तपासणारं एआय प्रत्यक्ष दवाखान्यांत लावलं. प्रयोगशाळेत ते उत्तम होतं. दवाखान्यांत पाचातला एखादा फोटो त्याने ‘वाचता येत नाही’ म्हणून परत केला, कारण खोल्यांत अंधार पुरेसा नव्हता, आणि नेट मंद असलं की नर्सबाईंची रांग अडायची. अमेरिकेत, २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं की जास्त देखभालीची गरज कोणाला आहे हे ठरवणारी एक प्रणाली माणसाच्या उपचारांवर पूर्वी झालेल्या खर्चावरून अंदाज बांधत होती. ज्या कृष्णवर्णीय रुग्णांवर आधीच कमी खर्च झालेला, ते तिला कमी आजारी वाटले. ज्याने पैशाअभावी दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही त्याला कागदाने निरोगी ठरवणं, हे आमच्याकडेही सहज होऊ शकतं. उद्या आभा या डिजिटल आरोग्य कार्डावरच्या नोंदींवरून असे अंदाज निघू लागले, तर नोंदच नसलेल्या मजूर बाईचं काय, याचा विचार आजच झालेला बरा.

आता रेघेच्या पलीकडचं. फोटो संशयित आला म्हणजे टीबी ठरला असं नाही. ते ठरतं थुंकीच्या तपासणीत. त्यासाठीचं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्य केलेलं. यंत्र चांगलंच आहे, पण प्रत्येक तपासणीला त्याची चिप लागते. चिपा संपल्या की एआयने शोधलेला संशयित परत वाट पाहत बसतो, फक्त आता पाकिटाच्या जागी मोबाइलवर मेसेज असतो. म्हणून रेघ कुठे ओढायची आणि चिपा किती मागवायच्या, हे दोन्ही एकाच टेबलावर ठरायला हवं. आज एकाचा निर्णय एका कंपनीकडे आणि दुसऱ्याचा भांडारात होतो.

परिषदेला आलेल्या गटप्रवर्तक बाईंनी जे सांगितलं ते आपल्यापर्यंत पोचवतो. त्या म्हणाल्या, ‘सर, मशीनने नाव काढलं की त्या घरी मीच जाते. तो विचारते, मले काय झालं? मी काय सांगू? मशीनने तर मलेही सांगितलं नाही.’ संशयिताला दुसऱ्यांदा बोलावलं की त्याची एक रोजी बुडते. टीबी ठरल्यावर निक्षय पोषण योजनेत महिन्याला हजार रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेचे हजार झाले ही चांगली गोष्ट आहे. पण संशयित असतानाच्या फेऱ्यांना काही नाही, आणि माणसं तिथेच गळतात.

तर माझं मागणं असं. सावनेर तालुक्यात, खाप्यासह, हे सॉफ्टवेअर कायमचं लावण्याआधी काही महिने ते फक्त तपासलं जावं. त्या काळात रेघेच्या वरच्या आणि खालच्याही ठरावीक लोकांची थुंकी तपासावी, कारण खालच्यांची तपासली नाही तर किती निसटले ते कधीच कळणार नाही. साठीच्या पुढचे, पूर्वी टीबी झालेले, आणि खाण-खदानीत काम केलेले यांचे निकाल वेगळे मांडावेत. खर्च वाढेल, मान्य. पण हे काम नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधलं एम्स यांच्यापैकी कोणीही करू शकेल. तिन्ही आमच्याच जिल्ह्यात आहेत आणि तिथे या कामाची माणसं आहेत. आयसीएमआरने २०२३ साली आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात जबाबदारी, भेदभाव नसणं आणि पडताळणी ही तिन्ही आहेत. ती तत्त्वं तालुक्यात उतरवायची म्हणजे हेच करायचं.

फोटो काढण्याआधी प्रत्येकाला एक प्रश्न विचारला जावा आणि उत्तर फोटोसोबत डॉक्टरपर्यंत जावं: काम काय करता, आणि आधी काय करत होता? दहा सेकंदांचं काम आहे. सिलिकोसिसचा माणूस ओळखू यायला सध्या एवढा एक धागा पुरेल.

आमच्या लोकांचे फोटो पुढे सॉफ्टवेअर शिकवायला वापरले जाणार असतील तर ते त्यांना मराठीत सांगून, विचारून वापरावेत. २०२३ चा माहिती संरक्षणाचा कायदा आहे, पण अंगठा देणाऱ्याला तो कोणी वाचून दाखवत नाही.

टेक्निशियनची पदं भरा. एक्सरेच्या खोलीत पडदा लावा. ही मागणी या विषयात क्षुल्लक वाटेल, पण ज्या फोटोवर सारा डोलारा उभा राहणार आहे तो त्या पडद्याआड निघतो.

आणि तालुक्याचा आकडा ठरला की तो गुप्त ठेवू नये. सरकारी दवाखान्यात एक्सरेच्या खोलीच्या दारावर मराठीत लिहून लावावा: या मशीनची रेघ अमुक आहे, अमुक तारखेला, अमुक संस्थेने ठरवली. त्याखाली दर महिन्याला तीन ओळी: किती जण संशयित निघाले, त्यांतल्या किती जणांची थुंकी तपासली, किती जणांना औषध सुरू झालं. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत अंतर दिसलं की खाप्याचा कोणीही नगरसेवक, कोणीही आशा, कोणीही रुग्णाचा मुलगा विचारू शकेल की बाकीच्यांचं काय झालं. त्याचं उत्तर देणारा अधिकारी कोण, त्याचं पदनामही तिथेच असावं.

या तपासणीत फोटो बघायला, नव्या मुलांना माणूस कसा उभा करायचा ते शिकवायला माझी गरज पडली तर मी येईन. मानधन नको. माझ्यासारखे निवृत्त टेक्निशियन जिल्ह्यात बरेच आहेत, त्यांनाही बोलवा.

कळावे,

आपला,
एक निवृत्त एक्सरे टेक्निशियन
खापा, ता. सावनेर, जि. नागपूर